बापू, तेवढा कडा सोड

प्रिय बापू,

हे पत्र तू एका दमात वाचणार नाहीस, मला माहीत आहे. दोन ओळी वाचशील, खिशात घालशील, साइटवर जाशील आणि रात्री जेवण झाल्यावर परत काढशील. तसंच वाच, पण शेवटपर्यंत वाच. फोनवर आपलं बोलणं दर वेळी एकाच जागी अडतं. तू म्हणतोस, "आक्का, दगडच तर आहे." मी चिडते. मग दोघंही आईच्या गुडघ्यांवर बोलायला लागतो आणि मूळ गोष्ट राहून जाते.

तुझ्यावर माझा काय राग नाही, ते आधी सांगते. तू चोरून उपसा करतोस असं मी कधीही म्हटलेलं नाही. तुझ्या हायवाला पावती असते, रॉयल्टी तू भरतोस, मजुरांचे पैसे शनिवारी देतोस. आपल्या भागात गुत्तेदाराबद्दल हे सगळं एका वाक्यात म्हणता येणं सोपं नाही. अण्णांना मुकादमाची उचल फिटत नव्हती, त्या वर्षी तू शाळा सोडलीस आणि त्यांच्याबरोबर ऊसतोडीला कारखान्याला गेलास. तू पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधत होतास, तेव्हा मी बीडच्या कॉलेजात बसून दख्खनच्या पठाराचा नकाशा काढत होते. बेसॉल्ट हा शब्द मला तुझ्या त्या हंगामांमुळं मिळाला, बापू. हे मी तुला तोंडावर कधी सांगू शकले नाही. समोर आलास की आपण एकमेकांना रागवतोच फक्त.

रस्ता नको, असं तरी मी म्हणेन का? आजीला बाजेवर घालून चौघांनी नाल्यातून कसं नेलं होतं, ते मी विसरलेले नाही. आणि १७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून अहिल्यानगरला पहिली गाडी सुटली तेव्हा तू पाठवलेला व्हिडिओ मी कितीदा तरी पाहिला. मागं तुझा आवाज येतो, "आली बघा, आली." त्या रुळांखालची खडी कुठल्या ना कुठल्या डोंगराचीच आहे. आपल्या आजोबांनी ज्या रेल्वेच्या नुसत्या बातम्या वाचल्या, ती आली. डोंगरातून दगड निघणारच, मला ते कळतं. कुठून निघावा आणि कुठून निघू नये, एवढंच मी विचारते आहे. आणि हे आपल्याकडं कुणीच विचारत नाही म्हणून विचारते आहे.

तुला आजोबांची विहीर आठवते? वडारांची टोळी महिनाभर आपल्या वावरात उतरली होती आणि आजोबा काठावर बसून खाली ओरडून विचारायचे, "आता काय लागलं?" खालून उत्तर यायचं: माती संपली, मुरूम लागला. मग मांजऱ्या. मग एक दिवस गेरूचा तांबडा पट्टा, आणि त्याच्या अंगानं पाझर. तिथं आजोबांनी गूळ वाटला होता. त्याखाली काळा पाषाण, सुरुंगालाही दाद न देणारा. शाळेची पायरी न चढलेल्या माणसांना जमीन थराथरानं वाचता येत होती. मी पुढं जे शिकले, त्यात त्यांच्या वाचनाला नुसती वर्षं जोडली गेली.

ती वर्षं तुला सांगते. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडं जमीन फाटली. चित्रात दाखवतात तसा टोकदार ज्वालामुखी नव्हता. लांबच लांब भेगा होत्या आणि त्यांतून लाव्हा पाण्यासारखा पसरत गेला. एक थर निवला की त्यावर दुसरा. आज उरलेला हा खडक, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यावरच बसलाय. पश्चिमेला सह्याद्रीत ही उतरंड दीड किलोमीटरहून उंच आहे, आपल्याकडं पूर्वेला ती उतरत जाते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत जमिनीत खोल भोक पाडलं, तेव्हा सुमारे ३४० मीटरवर लाव्हा संपला आणि त्याखाली कितीतरी जुना खडक लागला. किल्लारी म्हटलं की आपल्याला ती पहाट आठवते, पत्रे वाजल्याची. मलाही. पण आपल्या पायाखाली काय आहे, हे मराठवाड्याला त्या दुःखानंतरच नीट कळलं.

आता आजोबांच्या विहिरीत परत ये. मांजऱ्या म्हणजे लाव्ह्याच्या थराचा फुगेदार भाग. निवताना त्यातला वायू अडकून राहिला, नंतर त्या पोकळ्यांत पाण्यानं खनिजं आणून भरली. शाळेतून येताना आपण ज्या पांढऱ्या गारगोट्या चड्डीच्या खिशात भरायचो, त्या यातल्याच. आणि गेरू? एक थर निवला, दुसरा यायला मध्ये पुष्कळ काळ गेला. त्या काळात वरच्या दगडाची माती झाली, ऊन-पाऊस झाला. मग पुढचा लाव्हा त्या मातीवरून वाहत गेला. तो तांबडा पट्टा म्हणजे दोन आगींमधला निवांत काळ आहे, बापू. हातभर जाडीचा. डायनासोर कशानं संपले, मेक्सिकोजवळ आदळलेल्या अशनीनं, आपल्या या लाव्ह्यानं की दोघांनी मिळून, यावर जगभरचे शास्त्रज्ञ अजून भांडतात आणि पुरावा शोधायला याच खडकाकडं येतात. कुठं जातात ते ठाऊक आहे? घाटातल्या कापणीपाशी. रस्त्यासाठी जिथं डोंगर कापलेला असतो तिथं थर उघडे पडतात, आणि तिथून ते नमुने घेतात.

म्हणून तुझ्यावर रागावताना मला अडखळायला होतं. नारायणगडाच्या वाटेवरचा आपल्या शिवारातला तो कडा तुझ्या पोकलेननंच उघडा केला ना? वर मुरूम, त्याखाली मांजऱ्या, मग तांबडा पट्टा, मग काळा पाषाण. मागच्या उन्हाळ्यात तू मला गाडी थांबवून दाखवलास. "हे बघ, आजोबांची विहीर उभी केली," असं तूच म्हणालास. मी तर गप्पच झाले होते. आयुष्यभर वर्गात फळ्यावर खडूनं जे काढत आले, ते माझ्या भावानं डोंगरात काढून ठेवलं होतं. आणि आता तू म्हणतोस, पुढच्या कामाला मुरूम तिथूनच उचलणार, कारण वाहतूक जवळ पडते.

जवळ पडते, हे खरं आहे. पण खाली कोणाच्या विहिरी आहेत ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस. काळ्या पाषाणात भेग असेल तेवढंच पाणी. आपल्याकडं पाऊस धरून ठेवतो तो मुरूम आणि मांजऱ्या. गेरूपाशी ते पाणी अडतं आणि आडवं सरकत उतारावरच्या झऱ्याला, विहिरीला जातं. वरचा मुरूम नेला म्हणजे पाणी राहायची जागाच नेली. मग खालचा शेतकरी बोअर घेतो, आणखी खोल घेतो, आणि उन्हाळ्यात टँकर. मुरूम तयार व्हायला हजारो वर्षं लागतात, तुझ्या पोकलेनला एक दुपार. बीडच्या खजिना विहिरीत आपण शाळेच्या सहलीला उतरलो होतो. निजामशाहीच्या काळातल्या त्या लोकांनी जमिनीखालचं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे ओळखून ती बांधली. त्यांना जे कळत होतं ते आपल्याला का कळू नये?

मला एक गोष्ट अलीकडं सुचली, ती तुला सांगायचीच होती. नकाशा समोर घे. नारायणगड. गहिनीनाथगड. भगवानगड, भगवानबाबाही आधी आपल्या नारायणगडावरच होते, तिथून गेले आणि पलीकडच्या डोंगरावर नवा गड उभा राहिला. आपल्याकडचे हे गड म्हणजे लढाईचे किल्ले नाहीत. बालाघाटाच्या सपाट माथ्यावर संत जाऊन बसले आणि त्या माथ्याचा गड झाला. आता पाण्याकडं बघ. कपिलधारला धबधब्यापाशी मन्मथस्वामींची समाधी. सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून पडते तिथं खाली रामेश्वर. अंबाजोगाईला दरीत मुकुंदराज, आणि गावालगत खडकातच कोरलेलं हत्तीखान्याचं लेणं. जिथं जिथं बालाघाटाचा खडक उघडा पडलाय, तुटलाय, त्यातून पाणी आलंय, तिथं तिथं आपल्या माणसांनी देव नाहीतर संत पाहिला. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला घेऊन जायच्या जागांची यादी आणि आपल्या आजीच्या यात्रांची यादी जवळजवळ एकच निघते. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. त्या माणसांना जागा कळत होती.

आणि या श्रद्धेनं खडक राखलेही. निघोजला कुकडीच्या पात्रात पाण्यानं कोरलेले रांजणखळगे आहेत, ते मळगंगेच्या कुंडामुळं लोकांच्या मनात राहिले. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या खांबांचा सुळका आहे, साधारण दोनशे फूट उंच. सगळा लाव्हा निवताना पाच-सहा बाजूंच्या खांबांत चिरत गेलेला. आजूबाजूचा खडक खाणींनी नेला, इमारती थेट अंगाला येऊन भिडल्या, वर गावदेवीचं देऊळ आहे. २००७ साली महापालिकेनं त्याला वारसा म्हणून दर्जा दिला, तोवर त्या डोंगराचा एक सुळकाच शिल्लक होता. लोणारचं विवर १९७९ पासून राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, २०२० मध्ये ते रामसर पाणथळही झालं. तिथंही काठावर कमळजा देवी आहेच.

पण बापू, श्रद्धा आजकाल कळसापाशी थांबते आहे, याची मला भीती वाटते. गडावर आपण देवळाच्या दगडाला हात लावून तो कपाळाला लावतो, आणि त्याच दगडाचा डोंगर पार्किंगसाठी सपाट करताना आपल्याला काही वाटत नाही. नारायणगडाहून नगद नारायणाची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा धाकटी पंढरी म्हणून आपण ज्या जागेला नमस्कार करतो ती जागा नेमकी कुठून कुठवर? गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत? आवारापर्यंत? का तो अख्खा माथा, ज्यावर उभं राहिलं की चहूकडं बालाघाटाच्या टेकड्या दिसतात? २०२४ आणि २०२५ च्या दसऱ्याला तिथं केवढी गर्दी उसळली ते तू पाहिलंस, मी टीव्हीवर पाहिलं. माणसं येणार, आणखी येणार. त्यांना रस्ता हवा, पाणी हवं, संडास हवेत, निवारा हवा. त्यासाठी आराखडे होतील आणि कामं तुझ्यासारख्यांनाच मिळतील. मिळोत. मी आजवर तीर्थक्षेत्रांचे जे आराखडे वाचले त्यांत भक्तनिवास असतो, सभामंडप असतो, पेव्हर ब्लॉक असतात, बगीचा असतो. डोंगराचा नकाशा नसतो. कुठला उतार कापायचा नाही, कुठल्या कड्यावर सिमेंट फवारायचं नाही, पावसाचं पाणी कुठून उतरतं, कुठला खडक लोकांना दाखवायला उघडा ठेवायचा, यावर एक ओळ नसते. मग झाडं लावायला खड्डे घेतात ते मुरूम उकरलेल्या पाषाणावर, आणि झाडं जगत नाहीत म्हणून नशिबाला बोल लावतात.

कायदा काय करतो, असं तू विचारशील. कायद्याला तुझा डोंगर ब्रासमध्येच दिसतो. गौण खनिज, इतके ब्रास, इतकी रॉयल्टी, जास्त काढलं तर दंड. तेवढ्यापुरतं ते ठीकच आहे. पण त्यातला एक ब्रास बरडावरचा आणि एक ब्रास आपल्या कड्यातला, दोन्ही सारखेच. झाडा-प्राण्यांसाठी २००२ च्या जैवविविधता कायद्यात वारसा स्थळ जाहीर करायची सोय तरी आहे. दगडासाठी केंद्राच्या खाण मंत्रालयानं २०२२ मध्ये भूवारसा स्थळं जपण्याच्या विधेयकाचा मसुदा काढला. जगात ही जाण त्याआधीची आहे. १९९१ मध्ये फ्रान्समधल्या दीन्य गावी तीसेक देशांचे लोक जमले आणि पृथ्वीच्या आठवणींनाही हक्क असतात असं त्यांनी लिहून ठेवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये पाचगणी-महाबळेश्वरचा दख्खनचा लाव्हा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. मला आनंद झाला, खरंच झाला. आणि लगेच वाईट वाटलं. तिकडं धुकं आहे, स्ट्रॉबेरी आहे, हॉटेलं आहेत, म्हणून तो लाव्हा वारसा. तोच लाव्हा आपल्या बरड, उन्हानं तापलेल्या शिवारात आला की मुरूम. दुष्काळी भागाच्या दगडाला कोण बघायला येणार, असं आपणच धरून चाललोय. आपल्या मुलांनी पृथ्वीचा इतिहास पाहायला पाचगणीला जायचं आणि स्वतःच्या शिवारातला हायवात भरून द्यायचा, हे मला सहन होत नाही.

तू म्हणालास, एक कडा सोडून काय जग वाचणार आहे? नाही वाचणार. पण तुझ्या पोरीच्या शाळेतली पोरं चालत त्या कड्यापाशी जाऊ शकतात. बाई म्हणतील, हा तांबडा पट्टा बघा, आणि पोरं बघतील. मी पुस्तकातल्या रंग उडालेल्या चित्रावर शिकले. वारीला जाणारा माणूस तिथं घटकाभर थांबेल, त्याला कळेल की आपण ज्या गडावर निघालोय तो किती जुन्या आगीवर उभा आहे. त्यानं त्याची भक्ती कमी होणार नाही. झालीच तर वाढेल.

आणि खालच्या आळीतल्या विहिरी. त्यातली एक आपली आहे, विसरू नकोस.

मी तुला धंदा बंद कर म्हणत नाही. पलीकडच्या बरडावर, जिथं खाली वस्ती नाही, विहिरी नाहीत आणि मुरूम आधीच उकरलेला आहे, तिथून घे. वाहतुकीचा खर्च वाढेल, मान्य. तुझा हिशेब मला पाठव, फरक किती पडतो ते बघू. माझ्या पगारातून पहिल्या वर्षाचा काही भार मी उचलते. हसू नकोस. तू माझ्या शिक्षणाचा भार उचललास तेव्हा मी हसले नव्हते.

दिवाळीनंतर मी येते. तोवर तलाठ्याकडून त्या गटाचा नकाशा काढून ठेव आणि सरपंचांच्या कानावर घाल की ग्रामसभेपुढं एक ठराव आणायचा आहे: कडा, त्यावरचा माथा आणि खालचा झरा, एवढ्या भागात उत्खनन नाही. ठरावाचा मसुदा मी लिहून आणते. मांडायचा मात्र तू. मी मांडला तर पुण्याची बाई बोलून गेली म्हणतील. मुरूम काढणाऱ्या माणसानं उठून "इथून काढू नका" म्हटलं तर गाव ऐकेल. मग गडावर महाराजांना भेटायला दोघं जाऊ. तू त्यांच्याकडं कामासाठी जातोसच, या वेळी हे बोलायला जाऊ.

कड्याखाली जो ढिगारा पडलाय तो आधी हलव, पावसात घसरून झऱ्याचं तोंड बुजेल. पोकलेन मात्र आजच बरडावर ने. तिथला मुरूम रस्त्याला चालतो, हे मला तूच सांगितलं होतंस.

तुझी,
आक्का